वयस्कांच्या घरातलं वरकाम: नव्या मदतनिसांसाठी

या कामात मी नवी असताना माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यापासूनच सुरुवात करते. एका आजोबांच्या खुर्चीशेजारी छोटं टेबल होतं. त्यावर भिंग, रुमाल, पाण्याचा पेला, बॅटरी, पेनं, जुन्या पाकिटांचा गठ्ठा असं सगळं दाटीवाटीने ठेवलेलं. मी ते टेबल लख्ख पुसलं, पाकिटं ड्रॉवरमध्ये टाकली, बाकीच्या वस्तू ओळीने लावल्या. आजोबांना फार कमी दिसतं हे मला सांगितलेलं होतं, पण त्याचा अर्थ संध्याकाळी कळला. भिंग घ्यायला त्यांनी नेहमीच्या जागी हात नेला आणि तिथे पेला होता. तो कलंडला, पाणी मांडीवर सांडलं. ते काहीच बोलले नाहीत, नुसते चाचपडत राहिले. त्या टेबलावरची वस्तू न् वस्तू त्यांच्या हाताला पाठ होती आणि ती मांडणी मी न विचारता मोडली होती.

घरी जाऊन वयस्कांची देखभाल करण्याच्या कामात तुम्ही नव्याने येत असाल, तर एक गोष्ट धरून चाला. घर किती चकचकीत झालं ते शेवटी बघायचं. त्या घरात त्या माणसाला उद्याही आपल्या हाताने किती करता येईल ते आधी. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच हिशेबाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: काम कुठून कुठपर्यंत, ते ठरवून घ्या

रोजच्या कामांचे दोन गट मानले जातात. अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवणं ही अंगाची सहा कामं. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी त्यांची मोजपट्टी १९६३ मध्ये मांडली. दुसरा गट घर चालवण्याचा. पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये त्यात आठ गोष्टी धरल्या: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, स्वतःची औषधं सांभाळणं आणि पैशांचे व्यवहार. माणूस थकत जातो तसा बहुधा हा दुसरा गट आधी हातातून सुटतो. आजी अजून आपल्या हाताने जेवतात, अंघोळही करतात, पण गादीवरची चादर ओढून बदलणं त्यांना झेपत नाही. तुमचं वरकाम तिथे सुरू होतं.

त्यात साधारणपणे येतं ते असं: ते वापरतात त्या खोल्यांचा केर आणि लादी, धूळ पुसणं, अंथरूण घालणं, चादरी-अभ्रे बदलणं, त्यांचे कपडे धुऊन वाळवून घड्या घालणं, त्यांच्या जेवणाची भांडी, ओटा, फ्रीज, बाथरूम, कचरा. शिडीवर चढून पंखे किंवा खिडक्या पुसणं, कपाटं सरकवणं, गालिचे धुणं, बाग, घरातल्या बाकी सगळ्यांचे कपडे आणि पाहुण्यांची भांडी त्यात येत नाहीत.

ही रेघ पहिल्याच दिवशी कागदावर ओढून घ्या. महिनाभराने ओढायला गेलात की समोरच्याला ते भांडण वाटतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. कामाच्या अटी कामगाराला सहज समजतील अशा सांगाव्यात, शक्यतो लेखी असाव्यात, आणि आठवड्यात सलग किमान २४ तास विश्रांती मिळावी, असं त्यात आहे. तुम्ही राहता त्या देशाने तो स्वीकारलेला असो वा नसो, एक साधा कागद दोघांच्याही सोयीचा असतो. कामं, वार, वेळ, आणि ‘हे करायचं नाही’ असा वेगळा रकाना.

तरीही कुणी मधेच जास्तीचं काम पुढे करतंच. तेव्हा तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा असं सांगता येतं: ‘आजींचं सगळं आवरलं की किती वेळ उरतो ते बघते. रोजच करायचं असेल तर यादीत लिहून घेऊ आणि वेळेचंही बोलू.’ मी बरीच वर्षं हेच वाक्य वापरते आहे.

आणि ही यादी ठरवताना ज्यांची देखभाल करायची ते तिथे बसलेले हवेत. बहुतेक वेळा मुलगा किंवा सून दारातच सगळं सांगून मोकळे होतात आणि आजी आतल्या खोलीत असतात. घर त्यांचं आहे. ‘आजी, तुमच्या दृष्टीने आधी काय व्हायला हवं?’ एवढं विचारलंत तरी अनेकदा असं उत्तर येतं जे यादीत कुणीच लिहिलेलं नसतं. एका आजींनी मला सांगितलं होतं, ‘बाकी काही राहिलं तरी चालेल, खिडकीची काच आतून पूस. दिवसभर मी तिथून बघते.’

दुसरी पायरी: पहिल्या दिवशी हात कमी, डोळे जास्त

पहिल्या दिवशी नवं माणूस कामसू दिसावं म्हणून धडाधड आवरायला जातं. ते टाळा. भांडी आणि केर एवढंच करा, बाकी वेळ बघण्यात घाला. ते कुठे बसतात, उठताना कशाला धरतात, काठी कोणत्या हाताला टेकवतात, चष्मा कुठे काढून ठेवतात, रात्री पाण्यासाठी हात कुठे जातो. जिथे हात टेकून भिंतीवर डाग पडलेत, तिथे त्यांना आधार लागतो असं समजा. तो डाग पुसण्याआधी घरच्यांना दाखवा. तिथे पकडायला दांडी बसवता येईल.

वस्तू हलवायची असेल तर विचारून, आणि पुसून झाली की त्याच जागी, त्याच दिशेने. कपाचा कान उजवीकडे होता तर उजवीकडेच. नजर अधू असलेल्या, लकव्याने एक हात गेलेल्या किंवा विसर पडू लागलेल्या माणसाला हा बारकावा फार मोठा असतो. खूप वस्तू असतील तर त्यांच्या परवानगीने फोनवर फोटो काढून ठेवा आणि आवरल्यावर ताडून बघा. घरातला फोटो बाहेर कुणालाही पाठवायचा नाही.

हाक काय मारायची तेही विचारून घ्या. आजी, काकू, मॅडम, बाई, यातलं काय आवडेल ते त्या सांगतील. आयुष्यभर शाळा चालवलेल्या बाईंना ‘आजी’ म्हटलेलं बोचू शकतं.

तिसरी पायरी: चालायच्या वाटा

एवढी एकच पायरी मन लावून केलीत तरी तुम्ही त्या घरावर उपकार केलेत असं मी म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि जीवघेणं पडणं सर्वांत जास्त साठीच्या पुढच्या माणसांत आढळतं. खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळ जणांचं घरातलं मोकळेपणाने फिरणं कायमचं कमी होतं. मोडलं नाही तरी भीती बसते, भीतीने चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की पाय अशक्त होतात, आणि मग पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र सुरूच होऊ नये यासाठी केरसुणी आणि फडकं हातात असलेलं माणूस खूप काही करू शकतं.

पलंगापासून टॉयलेटपर्यंतची वाट आधी घ्या, कारण रात्री झोपेत, घाईत आणि अंधारात चालायची ती हीच. स्वतः त्या वाटेने चाला, पाय घासत, जसे ते चालतात तसे. कुठे पायपुसण्याची कड दुमडली आहे, कुठे एक्स्टेंशनची वायर आडवी गेली आहे, कुठे स्टूल अर्धं बाहेर आलंय, ते लगेच कळेल. वायर भिंतीच्या कडेने न्या. सुटी चटई काढता आली तर उत्तम. पण ती त्यांच्या जिव्हाळ्याची असेल तर खाली न सरकणारी रबरी जाळी घालायला घरच्यांना सांगा. गपचूप गुंडाळून माळ्यावर टाकू नका.

उजेडाकडे नव्या माणसाचं लक्ष जात नाही, कारण त्याला स्वतःला नीट दिसत असतं. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळट होतं. सारख्याच उजेडात साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तुम्हाला ‘बऱ्यापैकी उजेड’ वाटणारी बोळकंडी त्यांच्यासाठी अंधारी असते. दिव्यांवरची धूळ पुसा, गेलेला दिवा त्याच दिवशी कळवा, पलंगावरून हात पोचेल असं बटण किंवा रात्रीचा छोटा दिवा आहे का ते बघा.

लादी पुसताना ते कुठे बसलेत ते आधी बघा. खोलीच्या आतल्या कोपऱ्यातून दाराकडे पुसत या, म्हणजे ओली बाजू तुमच्या मागे राहत नाही. फडकं घट्ट पिळलेलं हवं. साबण किंवा फिनाइल जास्त पडलं की वाळल्यावरही लादीवर बुळबुळीत थर राहतो. मोजून टाका आणि शेवटी साध्या पाण्याचा एक हात फिरवा. लादी पूर्ण वाळेपर्यंत तिथून हलू नका, कारण नेमकं त्याच पाच मिनिटांत त्यांना उठावंसं वाटतं. अंगाला लावायची पावडर जमिनीवर सांडली तर ती पाण्याइतकीच घातक आहे. आधी कोरडी टिपा, मग ओल्या फडक्याने घ्या.

आठवड्यातून एकदा काठीच्या आणि वॉकरच्या खालच्या रबरी टोप्या उलट्या करून बघा. खाचा गुळगुळीत झाल्या असतील, रबर चिरलं असेल तर बदलायला सांगा. चपलांचे तळवे बघा. हे कुणाच्याच यादीत लिहिलेलं नसतं.

विसराळूपणाचा आजार असलेल्या घरात वाट आणखी वेगळी दिसते. गडद रंगाचं पायपुसणं त्यांना जमिनीतला खड्डा वाटू शकतं आणि ते तिथेच अडून बसतात. चकाकणारी लादी ओली वाटते. उलट, ज्या वस्तू दिसायला हव्यात त्यांचा रंग मागच्या रंगापेक्षा वेगळा हवा: पांढऱ्या टॉयलेटवर रंगीत बैठक, फिक्या टेबलावर गडद ताट. दारं नेहमी जशी उघडी-बंद असतात तशीच ठेवा.

चौथी पायरी: बाथरूम

बाथरूम एका बैठकीत दोन रसायनं वापरून चकाचक करायचा मोह होतो. तो जिवावर बेतू शकतो. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनच्या वाफा येतात. बंद बाथरूममध्ये तुम्हालाही ते झेपणार नाही, मग दम्याच्या आजोबांची काय कथा. लघवीतही अमोनिया तयार होत असतो, म्हणून खोलीतल्या कमोडचं भांडं आधी रिकामं करून भरपूर पाण्याने धुवा, त्यानंतरच त्यात ब्लीच घाला. एका वेळी एकच रसायन, खिडकी उघडी, हातमोजे घातलेले. आणि कोणतंही रसायन पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही, तात्पुरतंसुद्धा नाही.

टॉवेल अडकवायची दांडी हलते का ते बघा. थकलेलं माणूस घसरताना तिलाच धरतं आणि ती वजन पेलायला बनवलेली नसते. साबणाचा चिकट थर रोज काढा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम मोडू नका. ६० अंश सेल्सिअसचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं, आणि मधुमेहाने पायांच्या संवेदना गेलेल्या माणसाला ते कळतही नाही.

कवळी धुवायला दिली तर बेसिनमध्ये तळाशी ओला टॉवेल घाला किंवा थोडं पाणी भरा, म्हणजे हातातून निसटली तरी तुटणार नाही. उकळत्या पाण्यात ती वाकते. साधं कोमट पाणी पुरतं.

पाचवी पायरी: अंथरूण आणि कपडे

पलंगावर बराच वेळ पडून असलेल्या माणसाच्या अंगाखालची चादर हा निव्वळ स्वच्छतेचा विषय राहत नाही. चादरीची सुरकुती, खाण्याचे कण, विसरलेलं बटण हे तासन् तास टोचत राहिलं तर त्वचा लाल होते आणि तिथून जखम धरते. चादर ताणून घाला, हात फिरवून बघा. बदलताना पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर न जाणारा लालपणा दिसला तर त्याच दिवशी कळवा. माणूस पलंगावर असतानाच चादर बदलायची असेल तर ते कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून करू नका.

काढलेल्या चादरी आणि उशीचे अभ्रे झटकू नका. आधी हाताने चाचपून घ्या. कानातलं यंत्र, कागदी रुमालात गुंडाळलेली कवळी, चष्मा, अंगठी या गोष्टी बिछान्यातूनच मशीनमध्ये जातात. खिशांचंही तेच, आणि कचऱ्याच्या डब्याचंही. डबा ओतण्याआधी चुरगाळलेला प्रत्येक कागदी रुमाल हातमोजे घालून दाबून बघा. श्रवणयंत्र हरवलं तर पैशांचं नुकसान होतंच, पण नवं येईपर्यंत ते माणूस घरातल्या बोलण्याला पारखं होतं.

रक्त, मल-मूत्र लागलेले कपडे हातमोजे घालून वेगळे ठेवा. आधी गार पाण्यात धुवा. गरम पाण्याने रक्ताचा डाग कापडात पक्का बसतो. डाग गेला की मग कापडाला चालेल तेवढ्या गरम पाण्यात. चादर ओली झाली म्हणून तोंड वाकडं करायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, दार उघडं ठेवून तर अजिबात नाही. त्या क्षणी समोरच्या माणसाला केवढी लाज वाटत असते ते तुम्ही त्यांच्या जागी जाऊन बघा. मी नेहमी दुसराच काहीतरी विषय काढते आणि हात चालू ठेवते.

कोरड्या त्वचेसाठी पॅराफिनची मलमं लावत असतील तर एक धोका लक्षात ठेवा. ती कपड्यांत आणि चादरीत मुरतात आणि असं कापड ठिणगी लागली की झपाट्याने पेटतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. गरम पाण्यात धुतल्याने मलमाचा अंश कमी होतो, पण पूर्ण जात नाही. असे कपडे, चादरी वारंवार बदला आणि त्या माणसाला शेगडी, काडेपेटी, विडी-सिगारेटपासून लांब ठेवा. घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा सिलिंडर असेल तर ही काळजी दुप्पट. त्या खोलीत ज्योत नाही, उदबत्तीही नाही, आणि नळीजवळ तेलकट हात नाहीत.

सहावी पायरी: ओटा आणि फ्रीज

फ्रीज ५ अंशांच्या खाली, फ्रीझर उणे १८ अंश. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, उन्हाळ्यात त्याहून कमी. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा. तीन-चार दिवसांच्या पलीकडे ठेवू नका. गरम करायचं तर आतपर्यंत वाफ येईल असं, म्हणजे ७० अंशांच्या वर. म्हातारपणात प्रतिकारशक्ती कमी झालेली असते आणि लिस्टेरियासारखे काही जंतू फ्रीजच्या गारव्यातही वाढतात. फ्रीजमध्ये आहे म्हणजे चांगलं आहे, हा भरवसा म्हणून चालत नाही.

खरी अडचण टाकून देण्याची. टंचाईचे दिवस पाहिलेल्या माणसासमोर तुम्ही डबा उलटा केलात तर त्यांना तो घाव वाटतो. मी डबा उघडून त्यांच्या हातात देते, वास घ्यायला सांगते, तारीख वाचून दाखवते. बहुतेक वेळा त्याच म्हणतात, ‘टाक गं.’ नाही म्हणाल्या आणि अन्न खरंच खराब असेल तर वाद न घालता घरच्यांना कळवा आणि पुढच्या वेळी कमी उरेल असं बघा. चोरून टाकलंत आणि ते त्यांना कळलं, तर पुढचे कित्येक दिवस त्या तुमच्यामागे फ्रीज तपासत बसतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

रोजच्या वापराची भांडी कंबर ते खांदा या उंचीत आली पाहिजेत, जड भांडं खाली, हलकं वर. त्यासाठी कपाट लावायचं असेल तर त्यांना खुर्चीवर समोर बसवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे लावा.

सातवी पायरी: त्यांच्यासाठी करताना त्यांच्याबरोबर करा

सगळं आपणच भराभर उरकलं की दीड तासाचं काम चाळीस मिनिटांत होतं. पण ज्या हातांना काम मिळत नाही ते हात हळूहळू काम विसरतात. रुमालांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या लावणं, चमचे पुसणं, टेबलावरची धूळ झटकणं, हे बसून होतं. त्यांना द्या. घडी वाकडी आली तर ती वाकडीच कपाटात जाऊ दे. त्यांच्या पाठीमागे ती उलगडून पुन्हा घालू नका. ते दिसतं, कळतं आणि दुसऱ्या दिवशी त्या ‘तूच कर’ म्हणतात.

स्मृती गेलेल्या माणसाला एका वेळी एकच पायरी सांगा. ‘कपडे आवरूया’ हे वाक्य त्यांना फार मोठं आहे. ‘हा टॉवेल धरा’, मग ‘हे टोक इकडे’. पुष्कळदा हात स्वतःहून पुढचं करायला लागतात, कारण हाताची सवय बुद्धीपेक्षा जास्त टिकते. त्याच टॉवेलची त्यांनी चार वेळा घडी घातली तरी काही बिघडत नाही.

काही दिवस त्यांना काहीच नको असतं. तेव्हा आग्रह सोडा, शांतपणे काम करा आणि बोलत राहा.

आठवी पायरी: हाताखालून जे जातं ते नोंदवा

डॉक्टर महिन्यातून एकदा दहा मिनिटं बघतात. कचरा, चादर, भांडी आणि खिसे रोज बघता ते तुम्ही. पलंगाखाली झाडताना गोळी सापडली, म्हणजे एखादा डोस चुकला असू शकतो. भांड्यांचे तळ करपू लागलेत, तर शेगडीचा विसर पडतोय का ते बघायला हवं. धुवायला येणारे कपडे अचानक कमी झाले, तेच कपडे पुन्हा पुन्हा अंगावर दिसले, जेवणाचं ताट न वापरताच राहिलं, न उघडलेली पत्रं साचली, चादर वरचेवर ओली व्हायला लागली, दंडावर जुना-नवा काळानिळा डाग दिसला, हे सगळं कुणीतरी सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

एक वही ठेवा, घरच्यांना सापडेल अशा जागी. तारीख, वेळ, काय केलं आणि काय दिसलं. अंदाज लिहू नका, दिसलं तेवढंच: ‘पलंगाखाली एक पांढरी गोळी सापडली, पाकिटात ठेवली आहे. चादर ओली, या आठवड्यात तिसऱ्यांदा.’ निदान करणं डॉक्टरांचं काम. गोळी परत डबीत टाकणं किंवा जुनी औषधं आपल्या मनाने फेकणं हेही आपलं काम नाही. छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, पडून डोक्याला मार लागणं या वेळी मात्र वही राहू दे, लगेच फोन करा.

पैसे, कागद, किल्ल्या यांबद्दल थोडक्यात पण ठाम. पुस्तकांच्या पानांत, उशीच्या अभ्र्यात, जुन्या डब्यांत नोटा सापडतात. जिथे सापडल्या तिथेच त्यांना किंवा घरच्यांना बोलावून दाखवा. सामान आणलं तर पावती आणि उरलेले पैसे वहीत लिहून हातात द्या. कोणताही कागद, रद्दीतलासुद्धा, विचारल्याशिवाय टाकायचा नाही. वस्तू हरवली म्हणून तुमच्यावर संशय घेतला गेला तर दुखावून घेऊ नका. स्मृतिभ्रंशात ही तक्रार फार नेहमीची आहे. ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हणा, आणि त्या दिवशीच वहीत लिहा.

स्वतःच्या पाठीकडेही बघा. बादली अर्धीच भरा आणि दोन फेऱ्या मारा. खालचं उचलताना गुडघे वाकवा, गादी उचलताना गुडघा पलंगाला टेकवा. लांब दांड्याचा पोछा मागून घ्यायला संकोच करू नका.

निघण्याआधीची पाच मिनिटं राखून ठेवा. शेगडी बंद, नळ बंद, लादी कोरडी. मग ते दुपारभर जिथे बसणार आहेत त्या खुर्चीत, त्यांची परवानगी घेऊन, एकदा स्वतः बसा आणि न उठता हात लांबवा. पाण्याचा पेला, फोन, चष्मा, काठी, घंटी. जे हाताला लागत नाही ते जवळ सरकवा, त्यांना बसवून एकदा हाताने चाचपायला सांगा, आणि उद्या किती वाजता येणार ते सांगून निघा.